खाली कोण बसणार

४ जुलै

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट पोस्टमनने दारातून आत टाकलं नाही, बेल वाजवून हातात दिलं. जाडी बघून त्याला ते कोर्टाचे कागद वाटले. उघडतो तर सहा पानी 'कलामंडळाच्या पुनर्रचनेचा आराखडा'. मामाच्या तब्येतीची चौकशी एका ओळीत, तीही समासात.

आराखडा दोनदा वाचला. एकदा चष्मा लावून, एकदा काढून. दुसऱ्या खेपेला जास्त आवडला. 'सहभाग' हा शब्द त्यात इतक्या वेळा आलाय की मला वाटलं, तुमच्यातल्याच कोणाचं तरी टोपणनाव असावं. दर पानावर येतो आणि काम काहीच करत नाही, म्हणजे समितीवरचाच असणार.

मला कळलं ते एवढं: तुमचं मंडळ लाकडाच्या वखारीच्या वरच्या हॉलमध्ये भरतं. हॉल वखारवाल्याने फुकट दिलाय. संध्याकाळी तिथे कोणी गाणं शिकतं, कोणी चित्रं काढतं, वर्षातून एकदा वार्षिक कार्यक्रम होतो. तिजोरीत चहापुरते पैसे. काम करणारे सातआठ जण, तेही वैतागलेले. आणि दिवसभर दातांच्या दवाखान्याच्या खिडकीत बसून 'बसा, नंबर येईल' म्हणणारी तू या सगळ्याची कार्यवाह. पैसा न लावता हे सुधारायचं कसं, असा तुझा प्रश्न.

मला कलेतलं काही कळत नाही. मी लाऊडस्पीकर भाड्याने देणारा माणूस. पहिला कर्णा खांद्यावरून वाहिला तो दुसऱ्याचा होता, दुकान बंद केलं तेव्हा भिंतभर कर्णे माझे होते. पण उभं आयुष्य मी स्टेजच्या बाजूला, पडद्याआड स्टुलावर बसून काढलं. तिथून वक्त्याचा चेहरा दिसत नाही, नुसता आवाज येतो, त्यामुळे मी सहसा फसलो नाही. 'मी एक साधा कार्यकर्ता' म्हणताना माणूस माइकला किती चिकटतो, ते मला मशीनच्या काट्यावर दिसायचं.

तुमचे अध्यक्ष, ते निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना तू 'दोन शब्द' म्हणतेस कारण ते तेवढेच बोलायला उभे राहतात आणि खाली बसेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागतो, तसले मी पोत्याने ऐकलेत. त्यांच्या लेखी संस्था म्हणजे आपलं भाषण, आणि त्याआधी चाललेली खुर्च्यांची खडखड.

तर सल्ला असा. आराखडा फाडू नकोस, मागची बाजू कोरी आहे, वाणसामान लिहायला होईल. फुकट राबणाऱ्याला पगार देता येत नसेल तर मान दे. चारचौघांत, नाव घेऊन. माझ्याकडचे वायरमन पगारावर कमी आणि 'ही वायर यांनी टाकलीय हो' एवढ्या शब्दांवर जास्त टिकले. याला खर्च काही नाही. करून बघ.

तुझा
मामा

ता. क. तब्येत बरी आहे. विचारलंस म्हणून सांगितलं.

२९ जुलै

ती. मामांस,

नमस्कार. तुमच्या सल्ल्याने चमत्कार झालाय. सातआठ माणसांची चाळीस झाली.

मी बैठकीत तुमचं म्हणणं मांडलं, की काम करणाऱ्याला मान मिळाला पाहिजे. अध्यक्षांना ते इतकं पटलं की त्यांनी त्यावर दोन शब्द सांगितले. मग आम्ही प्रत्येकाला पद द्यायचं ठरवलं. खुर्च्या लावणारे आता खुर्चीप्रमुख आहेत. तसेच पडदाप्रमुख, चहाप्रमुख, पादत्राण-व्यवस्था प्रमुख. प्रत्येकाला अध्यक्षांच्या सहीचं नेमणुकीचं पत्र दिलं. बातमी गल्लीभर पसरली आणि लोक आपणहून यायला लागले. जे कधी बोलावूनही जिना चढले नव्हते, ते विचारतात, 'आमच्याजोगं काही आहे का?' मी म्हणते, आहे. आता उपप्रमुखही आहेत.

वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांचा स्टेजवर सत्कार करणार आहोत. पुष्पगुच्छ आमच्याच चित्रकलेच्या वर्गात कागदाचे बनतायत, म्हणजे खर्च नाही.

एक गोष्ट तुम्हाला मागच्या वेळी लिहिली नव्हती. वखारवाल्यांच्या मुलाला हॉल परत हवाय, प्लायवुड ठेवायला. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. मला म्हणाले, 'वर काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही. ऑक्टोबरात तुमच्या कार्यक्रमाला येतो. बघतो, मग ठरवतो.' एवढी एकच संधी आहे.

मामा, दिवसभर मी तीन वाक्यं बोलते. बसा, नंबर येईल. तोंड धुवून घ्या. पुढच्या मंगळवारी या. संध्याकाळी तो जिना चढले की चौथं वाक्य सुचतं. हॉल गेला तर मी सातला घरी पोचेन आणि मग काय करेन, मला खरंच माहीत नाही.

पण आता चाळीस माणसं आहेत. ते बघूनच ते हो म्हणतील ना?

तुमची
भाची

६ ऑगस्ट

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद. मी मान दे म्हटलं होतं, तू पदं वाटलीस. मी म्हटलं मीठ घाल, तू बरणी उपडी केलीस.

मान मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी लवकर येतो. पद मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी उशिरा येतो, कारण आता त्याची वाट बघितली जाणार असते. मला एकच सांग, खुर्चीप्रमुख झाल्यापासून तुमचा खुर्चीप्रमुख खुर्ची उचलतो का? की उभा राहून बोट दाखवतो? आणि उपप्रमुख कोणाकडे बोट दाखवतो? पादत्राण-व्यवस्था प्रमुखांना माझा नमस्कार सांग. चपला आपापल्या पायाने येतात आणि आपापल्या पायाने जातात, मधल्या वेळात ते काय व्यवस्था बघतात ते कळव. मला मनापासून उत्सुकता आहे.

मी असे समारंभ शेकड्याने ऐकलेत. एका वाचनालयाच्या समारंभात आभार मानणाऱ्याने शेवटी स्वतःचे आभार मानले होते, 'ज्यांनी हे आभार मानण्याची जबाबदारी पेलली ते' अशा शब्दांत. टाळ्याही वाजल्या. आमच्या धंद्यात त्यावर एक इलाज होता. माइकची वायर मशीनला जिथे लागते तिथे ती जरा सैल ठेवायची आणि स्टूल जवळ घ्यायचं. भाषण हाताबाहेर गेलं की टाच टेकवायची. खट्. 'तांत्रिक अडचण' म्हणून आपण कपाळाला हात लावून उभं राहायचं. वक्ता चार वाक्यं तसाच बोलतो, मग त्याचं त्यालाच ऐकू येईनासं होतं आणि तो बसतो. गिऱ्हाईक बिल देताना वर चहा पाजायचं. हे तुला गंमत म्हणून लिहिलं, तू करू नकोस. त्याला बऱ्याच वर्षांची सवय लागते.

पदं परत घे. जमलं तर याच आठवड्यात. वखारवाला पुष्पगुच्छ मोजायला येणार नाहीये, वर काय चालतं ते बघायला येणार आहे.

आणि पोरी, हॉलचं आधीच लिहायचं होतंस. मी सहा पानांवर हसत बसलो.

तुझा
मामा

२५ ऑगस्ट

ती. मामांस,

नमस्कार. पदं परत घेणार नाही.

खुर्चीप्रमुखांवर तुम्ही खूप हसलात. ते बसमध्ये कंडक्टर आहेत. दिवसभर उभे असतात आणि लोक त्यांच्याशी फक्त सुट्या पैशांवरून बोलतात. ते नेमणुकीचं पत्र त्यांच्या बायकोने कपाटाच्या दाराला चिकटवलंय. मी त्यांच्या घरी गेले होते, तिने मला आधी ते दाखवलं आणि मग पाणी दिलं. हो, आता ते खुर्ची उचलत नाहीत, बोट दाखवतात. तुमचं बरोबर आहे. तुमचं नेहमी बरोबर असतं.

तुम्ही आयुष्यभर लोकांना ऐकलंत, पण पैसे घेऊन ऐकलंत. फुकट, आपणहून, शेवटपर्यंत बसून तुम्ही कधी कोणाचं काही ऐकलंय का? इथली माणसं कामावरून दमून येतात आणि बेसूर का होईना, गातात. त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून त्यांना स्टेजवर जायचंय. यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

कार्यक्रम अठरा ऑक्टोबरला आहे. तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

भाची

३ सप्टेंबर

चि. भाचीबाईस,

आशीर्वाद. रागावलीस ते बरं झालं. तुझ्या आधीच्या दोन पत्रांना आराखड्याचा वास होता, हे पत्र माणसाने लिहिलंय.

कपाटाचं वाचून खुर्चीप्रमुखांवरचं हसणं मी परत घेतलं. सगळं नाही, पण घेतलं. पैसे घेऊन ऐकलं, हेही खरं. लागलं. लागावं म्हणूनच लिहिलं होतंस, तेव्हा तक्रार नाही.

मी यायचं नाही असं म्हणतेस, मी येत नाही. फक्त एक विचारतो आणि गप्प बसतो. त्या दिवशी चाळीस माणसं सत्काराला वर असतील. तर खाली कोण बसणार?

मामा

२४ ऑक्टोबर

ती. मामांस,

नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. सप्टेंबरभर मी तो प्रश्न खणात ठेवला आणि खण उघडायचं टाळलं. आता सगळं सांगते, क्रमाने.

निमंत्रणपत्रिका अध्यक्षांनी स्वतः छापून घेतली. चाळीस नावं, प्रत्येकाचं पद, वर त्यांचा फोटो. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली यावरून तीन बैठका झाल्या. पत्रिका छापून आली तेव्हा सगळ्यांनी आपापलं नाव शोधलं आणि छान झालीय म्हणाले. वाटून झाल्यावर दवाखान्यातल्या एका पेशंट बाईंनी खिडकीतून मला विचारलं, 'अहो, पण कार्यक्रम किती वाजता आणि कुठे?' मी पत्रिका उलटीपालटी करून बघितली. वेळ नव्हती. जागाही नव्हती. नावांमुळे राहिलीच नव्हती. चाळीस जणांनी वाचली आणि एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण आम्हा सगळ्यांना वेळ माहीत होती. मामा, मीही वाचली होती. मीही माझंच नाव शोधलं होतं.

पुन्हा छापायला ना दिवस उरले होते ना पैसे, म्हणून म्हटलं, निदान घरच्यांना आणा. आणले. पण ग्रुप फोटो आहे म्हटल्यावर घरचेही वर चढले. 'एवढं आवरून आलोय, खाली काय बसायचं?' स्टेजच्या फळ्या कुरकुरत होत्या.

वखारवाल्यांना मी वेळ तोंडी सांगितली होती. ते बरोबर वेळेवर आले, मुलाला घेऊन. पहिल्या रांगेत मधोमध बसले. मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या, ओळीने लावलेल्या. त्या मी लावल्या होत्या, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.

अध्यक्ष दोन शब्द बोलायला उभे राहिले. 'या भरगच्च सभागृहाला पाहून' अशी त्यांनी सुरुवात केली. ते आमच्याकडे वळून बोलत होते, त्यामुळे त्यांना ते खरंच भरगच्च दिसत असावं. मग सत्कार. नाव पुकारायचं, माणूस चार पावलं पुढे येणार, कागदी फुलं घेणार, चार पावलं मागे जाणार. प्रत्येक नावाला वखारवाले एकटे टाळ्या वाजवत होते. म्हातारा सभ्य आहे. पडदाप्रमुखांपर्यंत वाजवल्या. उपप्रमुख सुरू झाले तसे हात मांडीवर ठेवले. मुलगा तेव्हा उठून भिंतीकडे गेला होता आणि प्लायवुडचा एक तक्ता किती लांब असतो ते हात पसरून बघत होता. अध्यक्ष म्हणाले, 'आता आभारप्रदर्शनाकडे वळू.' वखारवाल्यांनी काठी हातात घेतली.

मी पडद्याआड मशीनजवळ उभी होते. वायर सैल केलेली नव्हती. मी ती पायाने ओढली, तुमच्यासारखी टाचेने नाही, सरळ लाथ घातली. माइक गेला. मी कपाळाला हात लावायला विसरले.

अध्यक्ष बोलतच राहिले. पण त्यांचा खरा आवाज एवढुसा आहे, आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे उभे होते त्यांनाही ऐकू जाईना. शांतता पसरली. त्या शांततेत वखारवाले खालून म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात, 'मी बघायला आलो होतो. तुम्ही एरवी काय करता ते दाखवा की.'

कोणी हललं नाही. मला वाटतं, आम्ही चाळीस, पन्नास, जेवढे होतो तेवढ्यांनी तेव्हा पहिल्यांदा खाली बघितलं. एवढ्या खुर्च्या, आणि एक म्हातारा.

मग खुर्चीप्रमुख स्टेजवरून उतरले. कागदी फुलं हातातच. वखारवाल्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांना म्हणाले, 'मला गाता येत नाही साहेब. मी बघतो.' बसमध्ये शेजारच्याला सांगावं तसं. त्यांच्या मागोमाग त्यांची बायको उतरली. मग चहाप्रमुख. मग सगळे उपप्रमुख, ते एकदमच. चपलांवाले काकाही उतरले, त्यांनी जाताना स्टेजच्या पायरीशी काढलेल्या चपला नीट लावल्या. खाली रांगा भरल्या आणि वर गाण्याच्या वर्गातले अकरा जण उरले. आणि अध्यक्ष. त्यांना कोणीतरी खुर्ची दिली, पण ती खालची होती, म्हणून ते उभेच राहिले.

आम्ही गायलो. मी चौथ्या जागेवर असते. माइकशिवाय. खोटं कशाला सांगू, दुसऱ्या कडव्यात आमचा एक गट पुढे गेला आणि एक मागे राहिला, शेवटी कसेबसे एकत्र पोचलो. पण खाली कोणी हललं नाही. मुलगाही भिंत सोडून शेवटच्या रांगेत बसला होता. टाळ्या पडल्या तेव्हा त्या एका माणसाच्या नव्हत्या.

खाली उतरल्यावर वखारवाले मला म्हणाले, 'गाणं बेताचंच आहे तुमचं.' मी म्हटलं, हो. 'पण खालची माणसं चांगली आहेत.' मग मुलाकडे बघून त्यांनी निकाल दिला. हॉल आमच्याकडे राहील. स्टेज काढायचं. स्टेजच्या जागी मुलाचं प्लायवुड राहील. 'त्या जागेचा तुम्हाला उपयोग नाही,' म्हणाले. 'नुसता त्रासच दिसतो.'

अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. स्टेज नसलेल्या संस्थेचं अध्यक्षपद त्यांच्या तत्त्वात बसत नाही. राजीनामा चार पानी आहे. त्यांच्यामागून बरेच प्रमुख गेले, उपप्रमुख तर सगळेच. मोजलं नाही, मोजायची गरज वाटली नाही. काल गाण्याचा वर्ग होता. स्टेज नाही म्हणून आम्ही मधोमध उभे राहिलो आणि बाकीचे चारी बाजूंनी बसले. मागून प्लायवुडचा वास येतो. मला आवडला.

पदं सगळी रद्द केली, तुम्ही म्हणाला होतात तशी. एक सोडून. कंडक्टर म्हणाले, बाकी काही नको, पण ते कपाटावरचं काढायला सांगू नका. म्हणून ते खुर्चीप्रमुख राहिलेत. आता खुर्च्या तेच लावतात.

एक नवीन पद मात्र मी माझ्या अधिकारात निर्माण केलंय. सोबत नेमणुकीचं पत्र आहे. सही माझीच, सध्या दुसरं कोणी नाही. 'श्रवणप्रमुख. काम: महिन्यातून एकदा येऊन शेवटच्या रांगेत बसणे व शेवटपर्यंत ऐकणे. मानधन नाही.' पहिली संध्याकाळ नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, सात वाजता, वखारीच्या वर. वेळ आणि जागा मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलीय.

येताना तुमच्याकडचा एखादा जुना लाऊडस्पीकर मिळाला तर बरं होईल. आमचा त्या लाथेनंतर बोलत नाही.

तुमची
भाची

२८ ऑक्टोबर

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद. लाऊडस्पीकर मिळणार नाही. दोन आहेत, दोन्ही चालू आहेत आणि दोन्ही माळ्यावरच राहतील. देव करो आणि तुमचाही दुरुस्त न होवो. एवढ्या मुश्किलीने तुम्ही सगळे एकमेकांना ऐकू यायला लागलात, त्यात पुन्हा माझा धंदा कशाला घुसवतेस?

तुझं पत्र वाचून मी एवढा हसलो की शेजारीण भिंतीवर थापा मारायला लागली. पत्रिकेत वेळच नाही. मी वेळ चुकीची छापलेली पाहिलीय, वार चुकलेला पाहिलाय, एकदा तर मेलेल्या पाहुण्याचं नाव पाहिलं. पण आपल्याला ठाऊक आहे म्हणजे जगाला ठाऊक आहे, एवढी खात्री अजून कुठल्या मंडळात पाहिली नव्हती. ती पत्रिका असेल तर एक पाठव. जपून ठेवीन.

मुख्याध्यापकांची काळजी करू नकोस. अशा माणसाला महिन्याच्या आत दुसरं स्टेज सापडतं. न सापडलं तर तो दुसरी संस्था काढतो आणि तुमच्या गेलेल्या उपप्रमुखांना तिथे प्रमुख करतो. सगळ्यांची सोय होते. तुमच्या गावात कलेची चळवळ वाढली असंही कोणीतरी लिहील.

वखारवाल्याचं मात्र मला कौतुक वाटतं. लाकूडवाल्यालाच कळतं, कुठली फळी काढली म्हणजे बाकीचं सरळ होतं. आणि लाथेबद्दल काय लिहू? चाळीस वर्षं मी टाच टेकवली ती चहा मिळावा म्हणून. तू घातलीस ती हॉलसाठी. वायर तुटली असेल तर ती फेकू नकोस.

आता तुझ्या त्या नेमणुकीबद्दल. माझं पदांविषयीचं मत तुला माहीत आहे आणि ते बदललेलं नाही. पद म्हणजे माणसाच्या कमरेला बांधलेला फुगा, त्याने माणूस उंच होत नाही, नुसता दारात अडकतो. मला श्रवणप्रमुख म्हणवून घ्यायची अजिबात हौस नाही. मी येतोय ते फक्त तुमच्या दुसऱ्या कडव्यात नेमकं कोण मागे राहतं ते ऐकायला. मला पहिल्याच ओळीत कळेल, पण शेवटपर्यंत बसेन, तसं लिहिलंय म्हणून. कंडक्टरसाहेबांना सांग, शेवटच्या रांगेत भिंतीकडची खुर्ची ठेवा, आणि ती त्यांच्याच हातची हवी.

शेजारीण मघाशी साखर मागायला आली होती. तिला वाटलं, मी काही तरी चिकटवलंय. तू कोणाकडून काही ऐकशील म्हणून आधीच सांगतो: तुझं नेमणुकीचं पत्र मी कपाटाला चिकटवलेलं नाही. जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. ते वेगळं.

तुझा
मामा
(श्रवणप्रमुख)